घणासुराची मान

घणासुराने साखळीचा आकडा फिरवला आणि सुदर्शनच्या तिरंदाजाचा उजवा खांदा हाडासकट उचकटून भिंतीवर फेकला, तेव्हा विशाखाच्या तोंडून अशी काही शिवी गेली की खोलीतल्या बाकी तिघांनी क्षणभर आपापल्या पडद्यावरून नजर काढली. कॉलेजच्या लायब्ररीत नऊ वर्षं ‘हळू बोला’ म्हणण्यात घालवलेली बाई ती. शेजारच्या खुर्चीवरची अपेक्षा बोटं न थांबवता म्हणाली, “आता वाटती वस्तादांची पोरगी.”

तिरंदाज गुडघ्यावर आला होता. रक्ताची धार पायरीवरून खाली ओघळत होती. पलीकडून कडुबाने उपचाराचा मंत्र टाकला, हिरवा उजेड पसरला, खांदा पुन्हा जागेवर बसला आणि सुदर्शनने पुढचा बाण घणासुराच्या काखेत मारला. विशाखाने ढाल पुढे करून त्या राक्षसाची नजर परत आपल्याकडे ओढून घेतली. तेच तिचं काम होतं. मार खायचा, आणि दुसऱ्यांना खाऊ द्यायचा नाही.

रांजणगावातल्या कडुबा खरातच्या घराची ही वरची खोली. डोक्यावर पत्रे, खिडकीत खडखडणारा कूलर, एका लांब टेबलावर चार जुने कॉम्प्युटर आणि बाहेर एप्रिलचं ऊन. सुट्टीचा दिवस, सकाळचे साडेदहा. चौघांतले तिघं वाळूजच्या कारखान्यातली माणसं. कडुबा प्रेस शॉपमध्ये डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बसवणारा फिटर, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेला. अपेक्षा त्याच कारखान्यात तयार माल तपासायची. सुदर्शन कामगारांची बस चालवायचा. चौथ्या खुर्चीवर सहा वर्षं राजकुमार हिवराळे बसत आले होते, प्रेस शॉपचे वस्ताद आणि विशाखाचे वडील. जानेवारीत पहिली शिफ्ट सुटल्यावर सुदर्शनच्याच बसमध्ये, तिसऱ्या सीटवर, ते बसल्या जागी गेले. सुदर्शनने चाळीस माणसांसकट बस सरळ दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली होती. उपयोग झाला नाही.

हा खेळ म्हणजे पप्पांचं पोरकटपण, असं विशाखाचं जुनं मत होतं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून राक्षस मारायला जातो हे मैत्रिणींना सांगायची तिला लाज वाटायची. एक माणूस कमी पडतंय, येतेस का, असं त्यांनी तिला दोनतीनदा विचारलंही होतं. दर वेळी तिला काहीतरी काम होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर त्यांच्या डब्याच्या पिशवीत तिला एक वही सापडली. शिफ्टच्या नोंदी लिहाव्यात तशी लिहिलेली. ‘घण उचलला की अकरा सेकंद. आकडा नेहमी डावीकडून. आग लागली की आधी अपेक्षाकडे बघतो, तिला मागे ठेवणे.’ उजव्या हाताची दोन बोटं नसलेल्या माणसाचं वाकडं, जाड अक्षर. प्रत्येक चढाईला नंबर घातलेला आणि पुढे एकच शब्द, हरलो. शेवटचा नंबर एकसष्ट होता. मागच्या पुठ्ठ्यावर पासवर्ड होता. वही घेऊन ती कडुबाच्या दारात उभी राहिली, तेव्हा त्याने काही न विचारता वरच्या खोलीची किल्ली दिली. त्यानंतर एकही सुट्टी तिने चुकवली नव्हती.

आज मात्र शेवटची सुट्टी होती. खेळाच्या कंपनीने दोन आठवड्यांपूर्वी जाहीर केलं होतं की हा गड आता जुना झाला, आज दुपारी दोनला तो कायमचा काढून टाकणार. त्याच्या आत घणासुर पडला तर राजधानीच्या वेशीतल्या शिळेवर नावं कोरली जाणार होती, आणि खेळ चालू असेपर्यंत ती तिथं राहणार होती. फक्त एक अट होती. घणासुराचा जीव जाईल त्या क्षणी जो जिवंत उभा असेल, त्याचंच नाव. मेलेल्यांना नंतर उठवता यायचं, पण शिळेवर घालता यायचं नाही.

विशाखाला पप्पांचं नाव त्या शिळेवर हवं होतं. कारखान्याच्या हजेरीतून ते निघालं होतं, रेशनकार्डावरून ती स्वतः कमी करून आली होती. ती खेळवत होती त्या ढालवाल्याच्या डोक्यावर मात्र अजून ‘राजकुमार’ असं पांढऱ्या अक्षरांत दिसायचं. ते दगडावर गेलं पाहिजे, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. बाकी जगाचं आज काहीही होवो.

घणासुर हे नाव कडुबाने ठेवलेलं. खरं नाव परदेशी, कुणालाच नीट म्हणता यायचं नाही. तीन माणसांएवढा उंच, अंगावर लोखंडी पत्रे रिबिटांनी ठोकलेले, पत्र्यांच्या फटींतून तापलेलं मांस दिसायचं. डाव्या हातात साखळीचा आकडा, उजव्या हातात घण. दर सव्वा तासाने तो घण दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायचा, आणि बरोबर अकरा सेकंदांनी आणायचा खाली. समोरच्या काळ्या रिंगणात जे सापडेल त्याचा लगदा. रिंगण मोकळं असलं तर घण नुसता ऐरणीवर आपटायचा, ऐरणीतली आग त्याच्या अंगात चढायची आणि तासभर खपून केलेल्या जखमा भरून यायच्या. पण खाली कुणी सापडलं, तर घण मांसात आणि दगडात रुतून बसायचा. तो ओढून काढायला घणासुर वाकायचा, आणि सात सेकंद त्याच्या मानेवरचे पत्रे उघडे पडायचे. मान एवढीच एक जागा कच्ची होती.

जगभरातल्या टोळ्यांनी हे कधीच ओळखलं होतं. त्या आपल्यातल्या एकाला घणाखाली ठेवायच्या आणि जिंकायच्या. राजकुमार वस्तादांनी सहा वर्षांत ते एकदाही करू दिलं नाही. प्रेस शॉपची रीत त्यांनी गडावर आणली होती. तिथं मोठ्या प्रेसवर दोघं लागतात, एक डायमध्ये पत्रा लावणारा आणि दुसरा प्रेस खाली आणणाऱ्या पेडलवर. पत्रा लावणारा हात काढून घेतो, मोठ्याने ‘हात बाहेर’ म्हणतो, आणि मगच दुसऱ्याने पेडलवर पाय ठेवायचा. गडावर घण वर गेला की वस्ताद तीच हाक द्यायचे आणि चौघं रिंगणाबाहेर पडायचे. दोन घणांच्या मधल्या सव्वा तासातच त्याला संपवायचा, असा त्यांचा हट्ट. एकदा सुदर्शन गमतीने म्हणाला होता की वस्ताद, मैं मरता ना, मेरा क्या जाता. वस्तादांनी कॉम्प्युटर बंद केला होता आणि दोन आठवडे या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं.

घण वर गेला. विशाखाने मनात मोजायला सुरुवात केली. पायाशी घणासुराच्या पोटरीचा पत्रा सुटलेला दिसत होता. अजून एक घाव बसला तर तो निखळणार होता. तिने तो घाव घातला, पत्रा निखळला, आतलं मांस चरचरलं, आणि हाक द्यायला एक सेकंद उशीर झाला.

“हात बाहेर!”

सुदर्शन आणि कडुबा सुटले, तीही सुटली. अपेक्षाची जादूगार रिंगणाच्या काठावर होती. घण तिच्या कमरेवर आला. बरगड्या मोडल्याचा आवाज त्या स्वस्तातल्या स्पीकरमधूनसुद्धा ओला वाटला. धड एकीकडे, पाय एकीकडे, मधे दगडात रुतलेलं लोखंड. आणि घणासुर वाकला. त्याच्या मानेवरचे पत्रे कळ्या उमलाव्यात तसे उघडले.

सवयीने सगळे इतके लांब पळाले होते की परत यायला तीन सेकंद गेले. उरलेल्या चार सेकंदांत सुदर्शनने बाण मारले आणि विशाखाने तलवार मुठीपर्यंत खुपसून फिरवली. तेवढ्यात त्याचा पाचवा हिस्सा जीव गेला. एरवी तेवढ्याला वीस मिनिटं लागायची. मग मान मिटली, घण सुटला, आणि आगीवाचून ते तिघं फार टिकले नाहीत. सुदर्शनला आकड्याने उभा चिरला, कडुबाला पायाखाली घेतलं, आणि विशाखाची ढाल फुटल्यावर तिला भिंतीवर दोनदा आपटून खाली टाकलं. पडदा राखाडी झाला.

वहीत तिने लिहिलं, त्र्याहत्तर, हरलो.

“बघितलं ना?” अपेक्षा म्हणाली. तिने खुर्ची वळवून घेतली होती. “एकच माणूस गेलं, तर पाचवा हिस्सा. वस्तादांसमोर बोलायची सोय नव्हती, पण आता तरी ऐका. शेवटी वीस टक्के राहिले की एकाने थांबायचं.”

मग तिने हिशेब मांडला, तपासणीच्या टेबलावर माल मांडावा तसा. त्या सात सेकंदांत मान तोडायला तिची आग पाहिजे आणि सुदर्शनचे बाण पाहिजेत. दोन्हींतलं एक गेलं तर पुरत नाही, ते आत्ताच दिसलं. घणासुर वाकलेला असताना तो कुणाला मारत नाही, म्हणजे तेवढा वेळ ढालीची गरज नाही आणि उपचाराचीही नाही. तेव्हा घणाखाली राहू शकतात दोघंच. कडुबा, नाहीतर राजकुमार.

कुणी विशाखाकडे पाहिलं नाही. कडुबा पुढे झुकून कीबोर्डवरची धूळ पुसत होता.

“मी थांबतो,” तो म्हणाला. “त्यात काय इचारायचं.”

तो इतक्या झटकन बोलला की विशाखाला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची शरमही. कडुबाकाकांचं नाव शिळेवर जाणार नाही, याचं तिला काही वाटायला हवं होतं. तिने वाटून घेतलं नाही.

दुसऱ्या चढाईला ते अकराच्या आधीच लागले. आता तिचा हात बसला होता. पप्पांच्या वहीतली ओळ न् ओळ तिच्या बोटांत उतरली होती. आकडा डावीकडून आला की ढाल डावीकडे, पाय आपटला की दोन पावलं मागे, आणि मधल्या प्रत्येक श्वासाला घाव. तिने त्याच्या गुडघ्याची वाटी फोडली. पोटावरचा पत्रा तलवारीच्या टोकाने उचकटला आणि आत अपेक्षाने आगीचा लोळ सोडला, तेव्हा आतडी तडतडून बाहेर आली आणि त्याच्या मांडीवर लोंबायला लागली. सुदर्शनने एक डोळा फोडला, बाण त्याच डोळ्यात अर्धा अडकून राहिला. विशाखाला आपण दात आवळून घेतल्याचं जबडा दुखायला लागल्यावर कळलं. जानेवारीपासून तिला रडू आलं नव्हतं. लोक म्हणायचे, रड, मोकळी हो. तिला रडायचं नव्हतं. तिला हे करायचं होतं, कुणाचं तरी पोट फाडायचं होतं, आणि ते फाटत होतं.

वीस टक्के राहिले. घण वर गेला. कडुबाचा वैद्य, पांढऱ्या झग्यातला, चालत चालत रिंगणाच्या मधोमध येऊन उभा राहिला. विशाखाने नऊपर्यंत मोजलं.

“हात बाहेर!”

अपेक्षा बाहेर. सुदर्शन बाहेर. ती बाहेर. आणि पांढरा झगा, एका उडीत, सगळ्यांच्या आधी बाहेर.

घण रिकाम्या ऐरणीवर पडला. ठिणग्या उडाल्या, आग घणासुराच्या पायांतून वर चढली, आतडी आपोआप आत गेली, पोट मिटलं, गुडघा जुळला. डोळ्यातला बाण आतून ढकलल्यासारखा बाहेर आला आणि खाली पडला. मग त्याने त्यांना एकेक करून मारलं. सुदर्शनचं डोकं त्याने चिमटीत फोडलं. विशाखाने ढाल टाकून दिली होती. ती नुसती उभी राहिली आणि आकडा गळ्यात घुसू दिला.

सव्वाबारा झाले होते. कूलरमधलं पाणी संपल्याने तो नुसती गरम हवा फेकत होता.

“थांबतो म्हणालात ना?” विशाखा म्हणाली.

कडुबा आपल्या हातांकडे बघत होता. जाड, काळे, तेलाने भेगाळलेले हात. दोन्ही कीबोर्डपासून वीतभर वर, हवेत.

“मी न्हाय निघालो,” तो म्हणाला. “हाक आली अन् हात निघाले. माझं काय चालंना.”

“वैद्याला मरायचं होतं, काका. तुम्हाला नाही. एवढं साधं होतं.”

कडुबाने हात मांडीवर घेतले. सुदर्शन पाणी आणतो म्हणून उठला होता, तो दारातच थांबला. मग कडुबा बोलायला लागला, खाली बघत, एका सुरात, जबानी द्यावी तसा. तिच्या वडिलांची बोटं गेली तो दिवस. दोन हजार नऊ, श्रावण, तिसऱ्या शिफ्टचा शेवटचा तास. घरी काय सांगितलं होतं ते त्याला माहीत होतं. मशीन आपोआप पडली, कागदावरही तसंच लिहिलं होतं, आणि ते लिहायला लावणारे वस्ताद स्वतः. मशीन आपोआप पडली नव्हती. पेडलवर कडुबा होता. त्याला डुलकी लागली होती. पत्रा तिरका बसला म्हणून वस्ताद तो सरळ करत होते, हात डायमध्ये होते, हाक दिलीच नव्हती. झोपेत त्याला वाटलं, दिली.

“दोन बोटं डायच्या खालीच राहिली. पत्र्यावर छापल्यावानी. मी प्रेसचा रॅम वर घेतला, तर वस्ताद मला म्हणले, कडुबा, कुणाला बोलू नको, तुझी नोकरी जाईल. रगत चाललेलं, अन् हे म्हणले. तेव्हापासून ती हाक कानावर पडली की माझं अंगच मागं येतं. झोपेत पण येतं.” त्याने प्रथमच वर पाहिलं. “या गडावर मी त्यान्ला लई येळा म्हणलो, मला ठिवा त्या घणाखाली. एक डाव तरी ठिवा. नाय ठिवलं.”

विशाखाने त्याच्या थोबाडीत मारली.

तिला स्वतःलाच ते आवाजावरून कळलं. तळहात झिणझिणला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची मान एका बाजूला गेली आणि तशीच राहिली. तिने दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा अपेक्षाने तिचं मनगट धरलं. तिला आठवत होतं, आई भात कालवून त्यांच्या डाव्या हाताजवळ ताट सरकवायची, आणि शर्टाची बटणं लावायला पप्पांना लागणारा वेळ, आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकावरची त्यांची बदललेली सही, जिच्यावरून बाईंनी तिला वर्गात उभं केलं होतं. पंधरा वर्षं. आणि हा माणूस दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन घरी येत होता, आणि पप्पा त्याला हाताला धरून आत आणत होते.

“अजून मार,” कडुबा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “पण दोनला गड बंद होतो. अजून एक चढाई होती. या बारीला हाक देऊ नको, पोरी. हाक नाय आली तर मी निघणार नाय. वस्तादाचं नाव लागंल.”

अपेक्षाने तिचं मनगट हळूच सोडलं. सुदर्शन दारातून म्हणाला की ताई, तू बोल, तू म्हणशील तसं. विशाखा खुर्चीवर बसली. तिने तलवार निवडली, नवी ढाल निवडली.

“हाक देणार नाही,” ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता. काका न म्हणता.

तिसरी चढाई सुरू झाली. विशाखा मघापेक्षाही चांगली लढत होती आणि मघापेक्षा वाईट. तिला घणासुर दिसतच नव्हता. तिला एक पाय दिसत होता, पेडलवर ठेवलेला, आणि त्या पायाला ती तोडत होती. टाच, घोटा, नडगी. लोखंड सोलून निघालं, मांस सोलून निघालं, पांढरं हाड लागलं, त्याच्यावर तिने तलवार इतक्या वेळा मारली की ती बोथट झाल्याची सूचना पडद्यावर यायला लागली. आकडा तिच्या पोटात घुसला आणि तिला वर उचलून घेऊन गेला. तिथूनच तिने त्याच्या तोंडावर ढालीची धार मारली, दात फुटून खाली पडले. वैद्याचा हिरवा उजेड तिच्यापर्यंत वर आला आणि तिचं पोट शिवलं गेलं. पुन्हा फाटलं. पुन्हा शिवलं. दर वेळी, एक क्षणही न चुकता, पलीकडच्या खुर्चीवरचा माणूस तिला जोडत होता, आणि त्याचा तिला संताप येत होता.

तीस टक्के. पंचवीस. घणासुर एका पायावर सरपटत होता, त्याच्या मागे रक्ताची आणि वितळलेल्या लोखंडाची वाट पडली होती. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून चाळीस. सुदर्शनच्या कपाळावरचा घाम कीबोर्डवर टपकत होता.

एकोणीस टक्क्यांवर घण वर गेला.

ठरल्याप्रमाणे अपेक्षा आणि सुदर्शन आपल्या आपण मोजून बाहेर पडले. पांढरा झगा रिंगणाच्या मध्यात आला आणि थांबला. ढालवाला अजून आत होता, पण काठाजवळ. एक पाऊल टाकलं की बाहेर.

चार. पाच.

विशाखाने मान वळवून कडुबाकडे पाहिलं. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. डाव्या गालावर तिच्या बोटांचे वळ होते. दोन्ही हात त्याने कीबोर्डवर असे दाबून धरले होते की नखं पांढरी पडली होती. पडद्यावरचा वैद्य तेवढा शांत उभा होता. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘कडुबा’.

सात. आठ. तिने हाक द्यायची नव्हती. गप्प राहिलं की झालं, काही करायचंच नव्हतं. नाव लागणार होतं. त्याने स्वतः मागितलं होतं, आणि त्याला ते मिळायला हवं होतं, असंच तिला त्या क्षणीही वाटत होतं.

नऊ.

“हात बाहेर!”

आवाज तिचा होता, पण खोलवरून आला, प्रेस शॉपच्या आवाजाच्या वर जावा एवढा मोठा. कडुबाचे हात उडाले. पांढरा झगा रिंगणाबाहेर फेकला गेल्यासारखा पडला. आणि विशाखाने काठावरच्या ढालवाल्याला बाहेर न काढता आत नेलं, दोन पावलं, बरोबर मध्यावर, आणि ढाल डोक्यावर धरली.

ढालीचा चुरा झाला. मग शिरस्त्राण, मग कवटी, मग मणके, एकापाठोपाठ एक, वरून खाली. तिने डोळे उघडे ठेवले होते. ‘राजकुमार’ ही अक्षरं विझली आणि पडदा राखाडी झाला. घण दगडात दांड्यापर्यंत रुतला होता.

“वाकला!” सुदर्शन ओरडला. “मार, मार, मार!”

राखाडी पडद्यावर तिला सगळं दिसत होतं, फक्त करता काही येत नव्हतं. मानेवरचे पत्रे उघडले. अपेक्षाने आग सोडली, मान पेटली, चरबी उकळून खाली गळायला लागली. सुदर्शनचे बाण एकाच जागी, एकात एक घुसत गेले. बारा टक्के. आठ. चार. पाच सेकंद झाले. घण हलायला लागला. दोन टक्के, आणि आगीला पुन्हा पेटायला वेळ लागणार होता, आणि सुदर्शनचा भाता संपला होता.

“कडुबामामा,” अपेक्षा ओरडली, “तुमच्या कमरेला सुरी आहे!”

वैद्याची सुरी. मुळ्या कापायची, वीतभर. सहा वर्षांत ती कधी म्यानातून निघाली नव्हती. पांढरा झगा घणासुराच्या वाकलेल्या पाठीवर चढला, जळत्या मांसात पाय रोवत, आणि कडुबाने ती एकच कळ दाबायला सुरुवात केली. दर दाबाला सुरी आत जात होती, बाहेर येत होती. झगा पार लाल झाला. त्याच्या तोंडून एक आवाज निघत होता, शब्द नव्हता त्यात. पत्रे मिटायला लागले होते, त्याचा हात कोपरापर्यंत त्या मिटत्या पत्र्यांत होता, आणि त्याने तो काढला नाही.

मान तुटली. ती एकदम नाही तुटली, कातडीच्या एका पट्टीवर लोंबकळली, मग वजनाने ती पट्टीही फाटली आणि डोकं पायऱ्यांवरून गडगडत खाली गेलं.

सुदर्शन खुर्चीवर उभा राहून नाचायला लागला. अपेक्षाने तोंडावर ओढणी घेतली. तिघांच्या पडद्यांवर राजधानीची वेस आली, शिळा आली, आणि अदृश्य छिन्नीने अक्षरं उमटायला लागली. विशाखाच्या पडद्यावर फक्त राखाडी गड होता. मेलेल्याला शिळा दिसत नाही. अपेक्षाने ओढणी बाजूला करून वाचून दाखवलं. अपेक्षा, सुदर्शन, कडुबा. मग ती थांबली, चौथं काही उमटतंय का हे बघत. चौथं आलं नाही.

कडुबा आपल्या नावाकडे बघत होता.

“हाक का दिली?” त्याने विचारलं. “बोललो होतो ना मी. त्याचं नाव लागलं असतं. मी कशाला पाहिजे तिथं?”

“माहीत नाही,” विशाखा म्हणाली. “तोंडातून गेली.” तिचं नाक गळत होतं, गळा भिजला होता, आणि ते कधीपासून हे तिला सांगता आलं नसतं. तिने पदराने चेहरा पुसला, पुन्हा पुसला, पण ते थांबेना. कडुबाच्या गालावरचे वळ अजून गेले नव्हते. ते बघून तिला वाईट वाटलं आणि नाहीही वाटलं.

“दोनला आठ मिनिटं आहेत,” ती घड्याळाकडे बघून म्हणाली. “गड बंद झाला तर हे आतच राहतील. उठवा त्यांना, काका.”

मेलेल्याला उठवायला वैद्याला दहा सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ कळ दाबून धरावी लागते. कडुबाने शर्टाच्या बाहीने बोट पुसलं आणि कळीवर ठेवलं. घणाखालून हिरवा उजेड यायला लागला. मणके जुळले, कवटी जुळली, हात आले, पाय आले. विशाखाच्या पडद्यावर रंग परत आले. तिने त्यांना उभं केलं आणि पडलेली तलवार उचलायला लावली.

मग चौघं गडाच्या पायऱ्या उतरायला लागले. वाट बारीक होती, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. राजकुमार पुढे होते.